ज्याला बंदी, त्याच्या हाती झेंडा

माझा नवरा घरी अगदी गरीब माणूस आहे. भाजीवाल्याशी घासाघीस करायची वेळ आली की तो पिशवी माझ्या हातात देतो आणि शेजारच्या दुकानात टांगलेली मोबाइलची कव्हरं बघत उभा राहतो. सोसायटीच्या मीटिंगमध्ये त्याला पार्किंगबद्दल काही म्हणायचं होतं, तर ते त्याने मला घरी समजावून सांगितलं आणि तिथे मी बोलले. पण रविवारी सकाळी बूट चढवून मैदानात उतरला की हाच माणूस कुणाच्या बापाचं ऐकत नाही. रेफरीची शिट्टी वाजली की याचा हात वर आणि तोंड उघडं, ते पुढची शिट्टी वाजेपर्यंत मिटत नाही.

हे मी अधिकाराने सांगतेय. आमच्या लीगच्या शिस्त समितीवर मी सुरुवातीपासून आहे आणि आजवर समितीपुढे सगळ्यांत जास्त वेळा उभा राहिलेला खेळाडू माझा नवराच आहे.

आमची फुटबॉलची लीग म्हणजे तिशी उलटलेल्यांची. शांती नगरची एक टीम, गोडदेवची एक, उत्तनची एक, अशा मीरा-भाईंदरमधल्या आठ-दहा टीम. कुणी विमा विकतो, कुणी क्लासेस घेतो, कुणी होडी घेऊन समुद्रात जातो. पोटं सुटलेली, गुडघ्यांना पट्टे बांधलेले. मैदानावर गवताचं नाव नाही आणि खाडीकडून वारा सुटला की अर्ध्या खेळाडूंचे डोळे मिटलेले असतात. तरी भांडणं मात्र अशी, की बघणाऱ्याला वाटावं इथे देशाची इज्जत पणाला लागलीय.

पहिल्याच सीझनमध्ये एवढ्या मारामाऱ्या झाल्या, की समिती नेमावी लागली. एक उत्तनचे साठी ओलांडलेले काका, जुने खेळाडू, चर्चच्या क्वायरमध्ये गाणारे. दुसरे गोडदेवचे फरसाणवाले शेठ, तरुणपणी गोलकीपर होते. तिसरा माणूस मिळेना, कारण ज्याचं नाव घ्यावं तो कुठल्या तरी टीमचा निघायचा. मी तेव्हा मैदानाच्या कडेला बसून नवऱ्याला ओरडत होते, की रेफरी शिट्टी फुंकतोय ती ऐकायला, उत्तर द्यायला नाही. उत्तनच्या काकांनी ते ऐकलं आणि म्हणाले, "ही बाय पायजे."

कुणीतरी म्हणालं, तिचा नवरा शांती नगरच्या टीममध्ये आहे.

"म्हनूनच पायजे," काका म्हणाले. "जी सोताच्या नवऱ्याला सोडत न्हाय, ती आमाला काय सोडनार हाय?"

अशी मी समितीवर आले. बँकेत दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकायची सवय होतीच, रविवारची त्यात भर पडली.

आमच्या समितीच्या पद्धती पुस्तकातल्या नाहीत. बुधवारी संध्याकाळी शेठच्या दुकानामागच्या खोलीत आम्ही बसतो. समोर फाफडा असतो, पण सुनावणी संपेपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही. ज्याच्यावर आरोप असेल त्याने स्वतः उभं राहून, आपण काय केलं ते सांगायचं. समोरच्याने काय केलं ते सांगायचं नाही. कारणं द्यायची नाहीत. ज्याने कारण दिलं, त्याची बंदी एका मॅचने वाढते. सुरुवातीला हे फार जड गेलं लोकांना. चांगले शिकलेले, मोठ्या हुद्द्यावरचे गृहस्थ उभे राहून "मी लाथ मारली" एवढं वाक्य बोलू शकायचे नाहीत. कारणाचं शेपूट जोडायचेच आणि एक मॅच जास्त घेऊन जायचे.

दुसरी पद्धत माझी. झालं असं, की बंदी म्हणजे लोकांना सुट्टी वाटायला लागली. बंदी घातलेला गडी रविवारी दहापर्यंत झोपायचा, मग बायकापोरांना घेऊन मॉलमध्ये. एका खेळाडूची बायको तर मला भेटून म्हणाली, अहो वाढवा ना जरा बंदी, घरात माणूस दिसायला लागलाय. मी म्हटलं, असं नाही चालायचं. बंदी असलेल्याने सगळ्यांच्या आधी मैदानावर यायचं, पांढऱ्या फक्कीने रेषा मारायच्या आणि ज्या मॅचला तो मुकलाय त्याच मॅचला झेंडा घेऊन लाइन्समन म्हणून उभं राहायचं. तेही जिकडे त्याच्या स्वतःच्या टीमचा हल्ला चाललाय त्याच अर्ध्या भागात. म्हणजे ऑफसाइडचा झेंडा उचलायचा तो आपल्याच माणसांवर.

सगळे हसले. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, असं एक जण म्हणालाही. शेठ म्हणाले, "बेन, दुनिया में कहीं ऐसा नहीं होता." मी म्हटलं, दुनियेत आपल्यासारखी लीगही कुठे नसेल. शिवाय समोरच्या कॅप्टनला हरकत घ्यायचा हक्क ठेवला. त्याने नको म्हटलं तर दुसरा माणूस.

झेंडाही आमचाच. माझी नारिंगी ओढणी विटली होती, तिचा तुकडा कापला. उत्तनला बोंबील सुकवायला बांबू उभे करतात, त्यातलाच एक तुकडा काकांनी काठी म्हणून दिला. त्या काठीला पहिले काही महिने असा वास यायचा, की झेंडा धरणाऱ्याला दोन शिक्षा झाल्यासारखं व्हायचं.

गेल्या सीझनमध्ये उत्तनच्या कॅप्टनवर ही पाळी आली. तो काकांचाच पुतण्या. दणकट माणूस, स्वतःची बोट आहे. एका मॅचमध्ये त्याने रेफरीला हाताने मागे सारलं. रेफरीला धक्का दिला तर पुढच्या मॅचला बंदी, मग ती मॅच कोणतीही असो, हा आमचा सगळ्यांत कडक नियम. पुढची मॅच सेमीफायनल होती. मी बंदीच्या बाजूने हात वर केला, शेठनी केला आणि काकांनीही केला. उत्तन ती सेमीफायनल हरलं. कॅप्टन त्या दिवशी समुद्रावर गेला नाही. पहाटे येऊन त्याने रेषा मारल्या आणि मॅच संपेपर्यंत झेंडा धरला, तोंडातून शब्द काढला नाही. मात्र नंतर माझ्या कानावर आलं, की गावात लोक बोलतायत: ही बिल्डिंगवाली माणसं, नियम करतात ते आमच्यासाठी. ते वाक्य मला डोळ्यात कुसळ गेल्यासारखं खुपत राहिलं.

या सीझनला आमची शांती नगरची टीम पहिल्यांदा सेमीफायनलला पोहोचली. आजवर आम्ही गटातच गारद व्हायचो आणि पाणीपुरी खाऊन घरी जायचो. नवऱ्याच्या गुडघ्याबद्दल डॉक्टरने स्पष्ट सांगितलं होतं, की हा सीझन खेळा आणि बूट कुणाला तरी देऊन टाका. त्यामुळे तो असा खेळत होता, की मला बघवायचंही नाही आणि नजर हलवायचीही नाही. तो बचावात खेळतो. सगळ्यांत मागची रेषा तो सांभाळतो. केव्हा पुढे सरकायचं, केव्हा समोरच्या फॉरवर्डला ऑफसाइडमध्ये सोडायचं, हे त्याला झोपेतही कळतं. आमच्या खालच्या मजल्यावर राहणारा त्याचा जिवलग मित्र पुढे स्ट्रायकर. हा अडवायचा, तो मारायचा. ती सेमीफायनल आम्ही जिंकली.

आणि जिंकता जिंकता माझ्या नवऱ्याने ते करून ठेवलं.

मॅच संपत आली होती. समोरच्यांना एक फ्री किक दिली गेली. ती चुकीची होती की बरोबर, यात मला पडायचं नाही. नवरा धावत रेफरीकडे गेला. आमचे रेफरी म्हणजे आठवडाभर शाळेची व्हॅन चालवणारे एक शांत गृहस्थ. हा त्यांच्या तोंडाजवळ तोंड नेऊन बोलत राहिला, ते पाठ फिरवून निघाले आणि याने त्यांच्या खांद्याला हात घातला. ते दोन पावलं भेलकांडले. लाल कार्ड निघालं. मैदानावर टाळ्या, शिट्ट्या, आरडाओरडा चालू होता आणि मी खुर्चीत बसून बुधवारच्या सुनावणीचा विचार करत होते. फायनल उत्तनशी होती.

घरी येताना रिक्षात तो म्हणाला, "मी फक्त हात ठेवला."

"ढकललंस."

"अगं ठेवला. समजावून सांगताना ठेवतो तसा."

"मी डोळे मिटून बसले नव्हते."

आम्ही कॉलेजपासून एकमेकांना ओळखतो, अहो-जाहो आमच्यात कधी आलंच नाही. त्यामुळे भांडणंही बरोबरीने होतात. बुधवारपर्यंत आमच्या घरात तीच दोन वाक्यं फिरत होती. तो आमटी वाढून घेताना म्हणायचा, हात ठेवला. मी कुकरचं झाकण लावताना म्हणायचे, ढकललंस. सोमवारी खालच्या मजल्यावरचा मित्र आला. त्याने चहा घेतला आणि म्हणाला, "वहिनी, त्याची शेवटची मॅच आहे. आयुष्यातली एकच फायनल. परत येणार नाही." हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. त्याच्या गुडघ्याला रात्री तेल मीच चोळत होते.

बुधवारी शेठच्या खोलीत गेलो. मी समितीच्या बाजूला बसले, तो समोर उभा राहिला. मी त्याला "बोला" म्हटलं, तेव्हा काकांना हसू आवरेना.

नवरा म्हणाला, "मी रेफरीच्या खांद्यावर हात ठेवला."

कारण दिलं नाही, म्हणून वाढीव मॅच नाही. रेफरीही आले होते. त्यांना विचारलं तर ते संकोचले. "जाने दो भाभी. गुस्से में हो जाता है. मेरी कोई शिकायत नहीं."

मग आम्ही तिघं. शेठ म्हणाले, नियम म्हणजे नियम, बंदी. काकांनी नकारार्थी मान हलवली आणि मला धक्काच बसला, कारण ते म्हणाले, "खेलू दे त्याला. आमाला कप पायजे तर पुऱ्या टीमला हरवून पायजे. अर्ध्या टीमला हरवून काय करू? गावात कोन काय बोलंल ते मी बघतो."

एक हो, एक नाही. मी उठायला लागले. म्हटलं, हा माझा नवरा आहे, या वेळी मला यात धरू नका, तुम्ही दोघांनी ठरवा. शेठनी खुर्चीकडे बोट दाखवलं. "बेन, बैठो. आप उठ गये तो हम दोनों ऐसे ही बैठे रहेंगे, और फाफडा ठंडा हो जायेगा."

मी बसले. नवऱ्याकडे बघितलं. तो माझ्याकडे बघत होता, भाजीवाल्यापाशी मला पिशवी देताना बघतो तसा, तू सांभाळून घेशील या नजरेने. खरं सांगते, त्या क्षणी मला फार वाटलं, की सांभाळून घ्यावं. काका स्वतः हो म्हणत होते, रेफरी सोडून देत होते, मी एक हात खाली ठेवला असता तर कुणी मला नावं ठेवली नसती. उत्तनमध्ये मात्र ठेवली असती. आणि तिथला तो दणकट माणूस होडी किनाऱ्याला ठेवून फक्की मारत होता, ते मला दिसत होतं.

मी म्हटलं, "गेल्या वर्षी याच खुर्चीत बसून मी हाच नियम लावला होता. बंदी."

फाफडा त्या दिवशी कुणी खाल्ला, मला आठवत नाही. आम्ही दोघांनी नाही.

पुढचे दिवस घरात बोलणं कामापुरतं. तो चिडला असता तर बरं झालं असतं, मी भांडले असते. तो चिडला नाही. फायनलच्या आदल्या दिवशी त्याने बूट स्वच्छ पुसले, कागदात गुंडाळले आणि माळ्यावर ठेवून दिले. मी स्वयंपाकघरातून बघितलं आणि कांदा चिरायला घेतला. कांद्याची तेव्हा मला फार मदत झाली.

रविवारी मी उठले तेव्हा तो गेलेला होता. मी मैदानावर पोहोचले तर रेषा मारून झालेल्या. आमच्या लीगमध्ये एवढ्या सरळ रेषा कुणी मारलेल्या मी पाहिल्या नव्हत्या. कोपरेसुद्धा नीट काटकोनात. त्याची पँट गुडघ्यापर्यंत पांढरी झाली होती.

मॅचच्या आधी रेफरींनी उत्तनच्या कॅप्टनला विचारलं, हा लाइन्समन चालेल का? सगळी शांती नगरची मंडळी कान देऊन ऐकत होती. तो हरकत घेईल असंच आम्हाला वाटलं होतं, आणि मी असते तर घेतली असती. तो नवऱ्याकडे बघून म्हणाला, "गेल्या साली मी धरला व्हता. आता त्यो धरील. आमची हरकत न्हाय."

दुसऱ्या बाजूला तिसऱ्याच एका टीमचा माणूस झेंडा घेऊन उभा राहिला आणि फायनल सुरू झाली.

माझं लक्ष खेळाकडे कमी आणि नारिंगी फडक्याकडे जास्त. तो रेषेवरून वरखाली धावत होता, दुखरा गुडघा ओढत. चेंडू बाहेर गेला की झेंडा बरोबर दिशेला. एकदा आमच्याच पोरांचा थ्रो त्याने उत्तनला दिला, तर आमच्या गोटातून "अरे ए!" असा आवाज आला. त्याने वळून बघितलं नाही. मध्यंतरानंतर बाजू बदलल्या, तसा तोही आमच्या नव्या हल्ल्याच्या बाजूला गेला. उत्तनने एक गोल केला होता. आमचे जीव तोडून खेळत होते आणि घड्याळ त्यांच्याकडे बघत नव्हतं.

मॅच संपायला आली तेव्हा मागून एक लांब चेंडू आला. आमचा खालच्या मजल्यावरचा मित्र उत्तनच्या बचावफळीतून सुटला. समोर फक्त गोलकीपर. त्याने चेंडू शांतपणे कोपऱ्यात सरकवला आणि जाळी हलली. बरोबरी. मी समितीची सदस्य आहे हे साफ विसरून दोन्ही हात वर केले. आमच्या सोसायटीच्या बायका एकमेकींच्या गळ्यात पडल्या. आणि मग मला नारिंगी दिसलं.

झेंडा वर होता.

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आपल्या माणसाने चेंडू पाठवला त्या क्षणी पुढचा गडी समोरच्या शेवटच्या बचावपटूच्याही पुढे निघालेला असेल, तर तो ऑफसाइड. मग जाळी कितीही हलली तरी गोल धरत नाहीत. हे फक्त त्या रेषेत उभ्या असलेल्यालाच नीट दिसतं. रेफरी मागे होते. त्यांना दिसलं नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलं होतं. मलाही दिसलं नव्हतं. मैदानावरच्या कुणालाच दिसलं नव्हतं. त्याने झेंडा खाली ठेवला असता तर गोल होता, बरोबरी होती आणि कुणाच्या बापाला कळलं नसतं.

रेफरींनी त्याच्याकडे बघितलं. त्याचा हात तसाच सरळ वर. रेफरींनी शिट्टी वाजवून गोल रद्द केला.

मग आमची सगळी टीम त्याच्यावर धावून गेली. सगळ्यांत पुढे मित्र. काय काय बोलला ते लिहिण्यासारखं नाही. घरचा भेदी म्हणाला, एवढं सांगते. आणि बोलता बोलता त्याने नवऱ्याच्या खांद्याला हात घातला. नवरा दोन पावलं मागे गेला, रेषेवर परत आला आणि झेंडा घेऊन उभा राहिला. आणि तोंड, ते जगप्रसिद्ध तोंड, मिटलेलं. रेफरी धावत आले आणि त्यांनी मित्राला लाल कार्ड दाखवलं.

मला रडू आलं. हरलो म्हणून नाही. अभिमानाने आलं, आणि ते मी कुणापासून लपवलं नाही. शेजारच्या बाईंनी "अहो, जाऊ दे, खेळ आहे" असं समजावलं. मी त्यांना म्हटलं, तो माझा नवरा आहे, दिसतोय ना, झेंडा धरलेला.

उत्तनने कप घेतला. कॅप्टन कप काखेत मारून आधी नवऱ्याकडे गेला, त्याचा हात धरला, मग माझ्याकडे आला. "वयनी, आमच्या गावात बोलत व्हते, नियम आमच्यासाठीच हाय. आता कोन बोलनार न्हाय." आणि थांबून म्हणाला, "शनिवारी बोंबील पाठवतो." पाठवलेही, ताजे.

व्हिडिओ तीन-चार जणांच्या मोबाइलवर होता आणि प्रत्येकाच्या व्हिडिओत वेगळंच दिसत होतं. ग्रुपवर आठवडाभर धुमश्चक्री चालली. त्या रविवारी संध्याकाळीच मी त्याला एकदा विचारलं होतं, "नक्की होता?"

"अर्धं पाऊल," तो म्हणाला. "आयुष्यभर त्याच रेषेवर उभा राहिलोय गं. मला नाही दिसणार?"

बुधवारी परत शेठची खोली. या वेळी समोर मित्र. लाइन्समन हाही आमच्याकडे रेफरीसारखाच, त्याला धक्का दिला तर तीच बंदी. मित्र उभा राहिला, खाली बघत म्हणाला, "मी लाइन्समनच्या खांद्यावर हात ठेवला."

हे वाक्य आम्ही सगळ्यांनी आधी ऐकलेलं होतं.

पद्धतीप्रमाणे लाइन्समनला विचारायचं होतं. मीच विचारलं. "हात ठेवला, की धक्का दिला?"

नवरा उभा राहिला. त्याने "ठेवला" म्हटलं असतं तर मित्र सुटला असता, कारण शंकेचा फायदा आम्ही देतो. शिवाय आमच्या घरात आमटीवरून आणि कुकरवरून फिरलेलं त्याचं वाक्यही खरं ठरलं असतं. मित्राशी त्याची तीन दिवस बोलचाल नव्हती, ती सुरू झाली असती. तो आपल्या चपलांकडे बघत होता. मग त्याने मान वर केली, माझ्याकडे नाही, मागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या रेफरींकडे.

"धक्का होता," तो म्हणाला. "तसा माझाही धक्काच होता. सॉरी, सर."

रेफरी गडबडले. "अरे यार, छोडो," म्हणाले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो मात्र खरंच ठेवलेला होता.

निकाल सांगायचं काम माझं. मी घसा खाकरला, पण शब्द बाहेर येईना. माझ्या तोंडून शब्द न फुटण्याची ही पहिलीच वेळ, आणि ती सगळ्यांच्या लक्षात आली. काकांनी माझ्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला. "बाय, तू बस. आज मी सांगतो. फुडच्या सीझनची एक मॅच. फाफडा खावा आता."

नवऱ्याने कोपऱ्यातला झेंडा उचलला आणि मित्राच्या हातात दिला. मित्राने तो घेतला. काठीचा वास घेऊन तोंड वाकडं केलं आणि मग दोघंही हसायला लागले.

घरी जाताना भाजीवाल्यापाशी थांबलो. टोमॅटोचा भाव विचारायची वेळ आली तशी नवऱ्याने नेहमीप्रमाणे पिशवी माझ्या हातात दिली आणि जाऊन मोबाइलची कव्हरं बघत उभा राहिला. मी त्याच्याकडे बघत राहिले. भाजीवाल्याने भाव सांगितला तो मी गुपचूप दिला. भाजीवाला दोनदा माझ्याकडे बघून म्हणाला, "भाभी, तबियत ठीक है ना?"